लाईट बिल वाढले की खिसा बदलला?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : बेळगाव शहराच्या पश्चिमेला, शहराला लागूनच असलेल्या एका गावातून एका निवृत्त शिक्षकांनी हे पत्र पाठवले आहे. घरात ते स्वतः, त्यांच्या पत्नी, मुलगा, सून आणि मार्चमध्ये जन्मलेला नातू अशी पाच माणसे आहेत. कर्नाटक सरकारची मोफत विजेची गृहज्योती योजना सुरू झाल्यापासून त्यांचे लाईट बिल शून्य येत होते. अक्षय तृतीयेला मुलाने विजेवर चालणारी स्कूटर घेतली. त्यानंतर मे आणि जूनमध्ये बिल शंभर रुपयांच्या आसपास, तर जुलैमध्ये 214 आणि ऑगस्टमध्ये 219 युनिट झाल्याने प्रत्येकी सतराशे रुपयांच्या वर बिल आले. बिल त्यांच्या पेन्शनमधून भरले जाते. तेव्हापासून ते रोज सकाळी मीटरचा आकडा वहीत लिहितात आणि गरज नसलेले दिवे-पंखे बंद करत फिरतात. एका पहाटे त्यांनी कपड्यांवर लावलेला पंखा बंद केला, तेव्हा सुनेने बाळाचे ओले दुपटे हातात धरून विचारले, ‘मामा, मग हे कुठं वाळवू?’ त्यानंतर घरात बोलणे कमी झाले आहे. कोल्हापूरला दिलेल्या मुलीच्या घरी सोलर बसवल्यापासून बिल जवळपास शून्यावर आले आहे, आणि जावई त्यांनाही तेच सुचवत आहेत. मात्र त्यासाठी परड्यातला जुना फणस तोडावा लागेल. शेजारी म्हणतात, मुलाच्या नावाने दुसरा मीटर घ्या. स्कूटर विकावी, सोलर बसवावे की दुसरा मीटर घ्यावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

स.न.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वाचनाच्या वेळी पेन्सिल हातात घेतली, कारण तुम्ही पत्रासोबत वहीतले आकडेही उतरवून पाठवले आहेत. बहुतेक पत्रांत ‘बिल फार येते’ एवढेच असते; किती युनिट, कोणत्या महिन्यात, घरात त्या वेळी काय बदलले, याचा पत्ता नसतो. त्यामुळे सुरुवातीलाच सांगतो की वही लिहिणे ही चूक नाही. त्या वहीवरून तुम्ही काढलेला निष्कर्ष मात्र मला पटलेला नाही, आणि तो का पटत नाही हे तुमच्याच आकड्यांवरून दाखवण्याचा प्रयत्न करतो.

आधी योजनेचा हिशेब स्पष्ट करून घेऊ, कारण सीमाभागातल्या कितीतरी घरांत तो अर्धवट समजलेला असतो. बिलावरचे कन्नड शब्द वाचून दाखवायला मुलगा किंवा नात लागते, आणि मग रकमेच्या आकड्याव्यतिरिक्त कोणी काही पाहत नाही. ‘हिंदिन’ म्हणजे मागील, ‘इंदिन’ म्हणजे आजचे आणि ‘बळके’ म्हणजे वापर. बाजारात वावरणाऱ्या आपल्या माणसांना हे शब्द अपरिचित नाहीत. बिलाच्या कागदावर ते ओळखण्याची सवय तेवढी करायची आहे. ऑगस्ट 2023 च्या बिलांपासून लागू झालेल्या गृहज्योतीत ‘200 युनिट फुकट’ असे सरसकट बोलले जाते, पण प्रत्येक घराची फुकट युनिटांची मर्यादा वेगळी आहे. 2022-23 या वर्षातील तुमचा सरासरी मासिक वापर आणि त्याच्यावर दहा टक्के, इतकीच वीज तुम्हाला मोफत मिळते. तुमची सरासरी 158 असल्याचे तुम्ही लिहिता, म्हणजे तुमची मर्यादा सुमारे 174 युनिटांची झाली. तिच्या वर पण 200 च्या आत वापर झाला, तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे द्यावे लागतात. 200 ओलांडले की मात्र त्या महिन्यापुरती सवलत संपते आणि पहिल्या युनिटापासून सगळे बिल भरावे लागते.

आता गंमत पाहा. 2025-26 सालासाठी कर्नाटकात घरगुती वीज 5 रुपये 80 पैसे युनिट ठरली होती. वीज कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचा अधिभार आणि वीजकर धरला की ती साडेसहा-सात रुपयांच्या घरात जाते, आणि मंजूर भाराप्रमाणे स्थिर आकार वेगळा. या दराने तुमच्या घरात बरोबर 200 युनिट वापरले गेले तर वरच्या 26 युनिटांचे पावणेदोनशे रुपयांच्या आसपास बिल येईल. 201 युनिट झाले तर ते सोळाशेच्या वर जाईल. एका युनिटाने चौदाशे रुपयांचा फरक पडतो. ही जिन्याची पायरी नाही, कडाच आहे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तुम्ही त्या कड्यावरून अनुक्रमे 14 आणि 19 युनिटांनी खाली उतरलात. म्हणून ‘आमच्या घरात वीज भरमसाट वापरली जाते’ हे तुमचे वाक्य मला मान्य नाही. तुमच्या घरात पावसाळ्याच्या दोन महिन्यांत वीसएक युनिट जास्त झाले आहेत, एवढेच.

ते वीस युनिट कोणाचे? तुम्ही स्कूटरकडे बोट दाखवता. मुलगा रोज उद्यमबागेतल्या कारखान्यात जाऊन-येऊन आणि इतर कामे धरून पंचवीस किलोमीटर फिरवतो, म्हणजे महिन्याच्या सव्वीस कामाच्या दिवसांत साडेसहाशे किलोमीटर. अशा स्कूटरला चार्जिंगमधली गळती धरूनही किलोमीटरला पस्तीस वॅट-अवरच्या आसपास वीज लागते. सगळी मिळून महिन्याला साधारण 23 युनिट झाले. तुमचा आधीचा वापर 165 होता. त्यात 23 मिळवले की 188 होतात, आणि मे-जूनमध्ये तुमच्या वहीत नेमके 187 आणि 189 आहेत. त्या महिन्यांची बिले शंभराच्या आसपास आली ती याच 13-15 युनिटांची. तेव्हा स्कूटरचा खर्च तुमच्यासमोर मे महिन्यातच आला होता, आणि तो शंभर रुपये होता. जुलैला सतराशे झाले, ते दुसऱ्या कशाने तरी झाले.

कशाने, याचे उत्तर पत्रात तुम्हीच दिले आहे, पण जाता जाता. पावसात कपडे वाळत नाहीत म्हणून मधल्या खोलीत दोरी बांधून रात्रभर पंखा लावला जातो, असे एक वाक्य तुम्ही लिहिले आहे. आपल्या भागातल्या आषाढ-श्रावणाची ज्यांना कल्पना आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, भिंतींना ओल येते, आणि बाळाची लंगोटी-दुपटी तर दिवसाला पंधरा-वीस होतात. जुना छताचा पंखा पाऊणशे वॅटचा असतो. तो रात्री दहा तास चालला की पाऊण युनिट, महिन्याला 22 ते 23 युनिट. म्हणजे मीटरच्या लेखी मुलाची स्कूटर आणि दुपट्यांवरचा पंखा यांत काडीचाही फरक नाही. त्यात बाळाच्या अंघोळीसाठी आणि बाळंतिणीच्या शेकासाठी रोज लागणारा गिझर मिळवा. पंधरा लिटरची टाकी एकदा तापायला पाऊण युनिटाच्या जवळपास वीज लागते, त्यामुळे रोज एक टाकी धरली तरी महिन्याला वीस-पंचवीस युनिट सहज होतात. बाहेर गारवा असल्याने इतर पंखे बंद राहिले असतील, त्यांचे काही युनिट वजा जातील. बेरीज 214-219 च्या आसपास येऊन थांबते.

सांगायचे ते इतकेच की जुलै-ऑगस्टला मीटरवर जे चढले ते तुमच्या नातवाचे आहे. स्कूटर आधीपासून डोळ्यांत खुपत होती म्हणून ती सापडली. पंखा मात्र रोज डोळ्यांसमोर फिरत होता, आणि बंद करायची वेळ आली तेव्हा तोच हाताशी आला.

यावर तुम्ही म्हणाल की कारण काहीही असो, सतराशे रुपये तर माझ्या पेन्शनमधून गेले. मला वाटते, या पत्राचा गाभा हाच आहे, आणि तुम्ही तो स्कूटर, सोलर, मीटर यांच्या गर्दीत लपवला आहे. मुलाच्या जुन्या पेट्रोलच्या स्कूटरचा हिशेब मांडून पाहा. साडेसहाशे किलोमीटरला, लिटरला पंचेचाळीसच्या हिशेबाने, साडेचौदा लिटर पेट्रोल. शंभरच्या वरच्या भावाने चौदाशे-पंधराशे रुपये दर महिन्याला. ते पैसे मुलाच्या खिशातून पंपावर जात होते आणि तुमच्या वहीत त्यांची कधीच नोंद नव्हती. आता पंपावर काही जात नाही, आणि त्याच्या कितीतरी कमी रक्कम तुमच्या खात्यातून लाईट बिलात जाते. घराचा खर्च कमी झाला आहे, पण कमी झालेला भाग मुलाच्या खिशात राहतो आणि वाढलेला भाग तुमच्या खिशातून जातो. वर्षाचे पाहिले तर पेट्रोलचे सतरा हजारांच्या आसपास वाचतात. लाईट बिलाचे, पावसाळ्याचे तीन महिने सतराशे आणि बाकीचे महिने शंभर धरूनही, सहा हजार होतात. दोन्ही एकाच पानावर लिहिले तर घर दहा-अकरा हजारांनी पुढे आहे. स्कूटरची किंमत, तिचा हप्ता आणि पुढे कधीतरी येणारा बॅटरीचा खर्च यांचा विचार वेगळा करावा लागेल हे खरे, पण तो स्कूटर घेण्यापूर्वी करायचा विचार होता. आज ती विकली तर निम्म्याच्या आसपास किंमत येईल, पेट्रोलचा खर्च पुन्हा सुरू होईल आणि जुलैचे युनिट तरीही 190 च्या वरच राहतील. स्कूटर ठेवा.

तेव्हा पहिली सूचना पैशाची नसून बोलण्याची आहे. मुलाशी बोला, पण बिल हातात असताना बोलू नका. बिल आलेल्या संध्याकाळी घरात जे बोलणे होते ते कोणी दिवा चालू ठेवला याचेच होते. एखाद्या रविवारी वहीचे एक पान दोन रकान्यांचे करा, एकीकडे पूर्वीचे पेट्रोल आणि दुसरीकडे आताची वीज, आणि ते त्याच्यासमोर ठेवून म्हणा की लाईट बिल यापुढे तू भर. निदान 174 च्या वरचे जे येईल ते तू भर. मला खात्री आहे की त्याने हा हिशेब कधी केलेलाच नाही; पेट्रोल वाचल्याचा आनंद त्याला रोज होतो आणि बिलाचा त्रास तुम्हाला महिन्यातून एकदा होतो, त्यामुळे दोघांचेही अंदाज चुकतात. मुलाकडून पैसे मागणे तुम्हाला जड जाईल, हे पत्राच्या सुरावरून कळते. पण न मागता पहाटे पंखे बंद करत फिरणे हेही एक प्रकारे मागणेच आहे, आणि ते ऐकू येते सुनेला, जिचा या हिशेबात काहीही संबंध नाही.

आता शेजाऱ्यांचा दुसरा मीटर. तांत्रिक दृष्टीने त्यांचे गणित बरोबर आहे. वापर दोन मीटरांवर विभागला तर दोन्ही 200 च्या पुष्कळ आत राहतील. पण नव्या जोडणीला मागची सरासरी नसते, म्हणून तिला राज्याची सरासरी 53 युनिट आणि वर दहा टक्के, म्हणजे सुमारे 58 युनिटच मोफत मिळतात. जोडणीचा खर्च, अनामत आणि वायरिंग वेगळे करण्याचा खर्च आहेच. शिवाय एका चुलीवर जेवणाऱ्या घराने कागदावर दोन घरे दाखवायची, ही गोष्ट मला मीटरपुरती साधी वाटत नाही. आपल्याकडे वाटणीची सुरुवात कुठल्या कागदापासून होते हे तुम्ही गावात पाहिले असेलच. मुलगा खरोखर वरच्या मजल्यावर वेगळे बिऱ्हाड करणार असेल तर दुसरा मीटर जरूर घ्या. दोन पावसाळी महिन्यांसाठी घेऊ नका.

सोलरबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण या सदराकडे येणाऱ्या पत्रांत हा प्रश्न वारंवार असतो, आणि बहुतेकांच्या घरात कोणीतरी कोल्हापूर-सांगलीकडचा पाहुणा असतो ज्याचे बिल शून्यावर आलेले असते. तुमच्या जावयांचा अनुभव खरा आहे. फक्त तो सीमेच्या पलीकडचा आहे. महाराष्ट्रात महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. शंभर युनिटांच्या पुढे दर जवळपास दुप्पट होतो. तुमचे 214 युनिट कोल्हापुरात वापरले गेले तर बिल दोन हजारांच्या वर जाईल, आणि तसे ते बाराही महिने येईल. तिथे छपरावर तयार होणारे प्रत्येक युनिट महागडे युनिट वाचवते. तुमच्याकडे वर्षातले आठ-नऊ महिने बिल शून्य किंवा शंभर येते. त्या महिन्यांत सोलर वाचवणार ते काय?

जावयांनी आणलेल्या कोटेशनप्रमाणे दोन किलोवॅटला एक लाख चाळीस हजार लागणार आहेत. पंतप्रधान सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला 30 हजार, दोनला 60 हजार आणि तीन किंवा त्याहून अधिकला 78 हजार रुपये अनुदान मिळते. ते वजा करता तुमच्या हातून ऐंशी हजार जातील. वाचतील वर्षाला जास्तीत जास्त सहा हजार. पैसे वसूल व्हायला तेरा वर्षे लागतील, आणि तोवर इन्व्हर्टर एकदा तरी बदलावा लागेल. याहून मोठी अडचण ऋतूची आहे. दोन किलोवॅटचे संच उन्हाळ्यात दिवसाला आठ-नऊ युनिट देतात, पण आपल्या पश्चिम भागात जुलैमध्ये हे उत्पादन निम्म्यावर येते, आणि झडीच्या दिवसांत त्याहूनही कमी. तुम्ही कडा ओलांडता तो नेमका याच महिन्यांत. (त्याच दिवसांत जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सौंदत्तीच्या माळावरच्या पवनचक्क्या मात्र जोरात फिरत असतात, पण ती वीज परड्यात उभी करता येत नाही.)

विक्रेता ‘लाईट गेली तरी तुमचे घर चालू राहील’ असे म्हणाला असल्याचे तुम्ही लिहिता. बॅटरी नसलेल्या, नेट मीटरवर (घेतलेल्या विजेतून परत दिलेली वीज वजा करणाऱ्या मीटरवर) चालणाऱ्या साध्या संचाबाबत हे खोटे आहे. बाहेरची वीज गेली की असा संच आपोआप बंद होतो, आणि तो बंद होणे आवश्यक असते, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. एवढी मूलभूत गोष्ट ज्याने चुकीची सांगितली त्याच्याकडून मी तरी काही घेणार नाही.

तुमची एक शंका मात्र रास्त आहे. गृहज्योती उद्या बंद झाली तर? कोणतीही सवलत कायमची धरून चालू नये, हे खरे. तसे झाले तर 190 युनिटांना पंधराशेच्या आसपास बिल दर महिन्याला येईल आणि तेव्हा सोलरचा हिशेब पूर्ण बदलेल. पाच-सहा वर्षांत पैसे वसूल होतील. सूर्यघर योजनाही 2026-27 पर्यंतची आहे, त्यामुळे ‘नंतर बघू’ याला थोडी किंमत आहे हे मान्य करावे लागते. तरीही मी आज थांबेन. इतर वाचकांपैकी ज्यांचा वापर बाराही महिने 200 च्या वर आहे, ज्यांचे छप्पर स्लॅबचे आणि मोकळे आहे, त्यांनी थांबण्याचे कारण नाही. त्यांनी फक्त नेट मीटर लागल्यानंतर गृहज्योतीचा हिशेब निव्वळ युनिटांवर होणार की एकूण वापरावर, हे हेस्कॉम या वीज कंपनीच्या आपल्या शाखा कार्यालयातून लेखी घ्यावे. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नये.

राहिला फणस. तुमचे पुढचे घर मंगलोरी कौलांचे आहे आणि स्लॅब फक्त मागच्या खोल्यांवर आहे, त्यामुळे पॅनेल तिथेच बसणार आणि तिथेच फणसाची सावली पडते. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी पूर्ण ओळीचे उत्पादन घसरते, म्हणून जावयांचे म्हणणे तांत्रिक दृष्टीने चुकीचे नाही. पण वर्षाला सहा हजारांसाठी चाळीस वर्षांचा फणस तोडू नका. एप्रिल-मेमध्ये त्या मागच्या खोल्या ज्या थंड राहतात त्या त्याच्यामुळेच, आणि त्या थंडाव्याचे युनिट कोणत्याही मीटरवर उमटत नाहीत.

तर मग वीस युनिट कमी कसे करायचे? माझ्या हिशेबाने सगळ्यात सोपा मार्ग गरम पाण्याचा आहे. तुम्ही लिहिता की गिझर आल्यावर परड्यातला तांब्याचा बंब माळ्यावर गेला. तो जून ते सप्टेंबर खाली काढा. आपल्या भागात करवंट्या आणि वाळलेल्या झावळ्या मिळायला अडचण नाही, आणि गिझरचे वीसेक युनिट तिथल्या तिथे वाचतील. बंबाचा धूर बाळाला नको असे वाटत असेल, आणि ते वाटणे योग्यच आहे, तर अंघोळीचे पाणी गॅसवर तापवा. तेवढ्या पाण्याला महिन्याला पाव सिलिंडरही लागणार नाही, म्हणजे दोनशे रुपयांच्या आतबाहेर. एरवी गॅस आणि गिझर यांच्या खर्चात फार फरक नसतो आणि मी कोणाला गिझर सोडायला सांगितले नसते. पण या चार महिन्यांत तुमच्या घरी दोनशे रुपयांचा गॅस सतराशेचे बिल टाळू शकतो.

दुसरे, पंखा. पाऊणशे वॅटच्या जुन्या पंख्याऐवजी बीएलडीसी मोटरचा पंखा घेतला तर तो तेवढ्याच वाऱ्याला तीस वॅटच्या आसपास वीज घेतो. किंमत अडीच ते साडेतीन हजार. रात्रभर दुपटी वाळवणारा एक पंखा बदलला की महिन्याला 13 युनिट वाचतात, आणि उन्हाळ्यात तीन पंखे रोज दहा तास चालतात त्या वेळी तिन्ही बदललेले असतील तर 40. तिन्ही एकदम घेऊ नका. दिवाळीला एक, पुढच्या पाडव्याला एक. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी भिंतीवरचे बटण चालू असले की दहाएक वॅट घेतच राहतो, महिन्याला सात युनिट. रात्री ते बटण बंद करायचे काम तुम्ही स्वतःकडे घ्या, कारण काहीतरी बंद केल्याशिवाय तुम्हाला झोप लागणार नाही, असे दिसते. फ्रिजला मात्र हात लावू नका. आमच्या आई वर्षानुवर्षे रात्री फ्रिज बंद करत असत. सकाळी तो पुन्हा गार होण्यासाठी सलग घरघरत राही आणि दूध नासत असे, ते वेगळेच. वाचत काहीच नव्हते.

स्कूटरच्या चार्जिंगबद्दल एक सूचना बिलाशी संबंधित नाही, पण ती टाळता येत नाही. सोप्याच्या खिडकीतून वायर काढून एक्स्टेंशन बोर्डावर चार्जर लावतो, असे तुम्ही लिहिले आहे. हे पावसाळ्यात करू नका. अर्थिंग असलेला स्वतंत्र सोळा अँपिअरचा सॉकेट आडोशाला बसवून घ्या. घरात लवकरच रांगणारे मूल असणार आहे. कारखान्यात चार्जिंगला परवानगी मिळत असेल तर आठवड्यातून दोनदा तिथे लावल्यानेही सात-आठ युनिट कमी होतील. परवानगी न विचारता मात्र लावू नये.

वही चालू ठेवा, पण रोज सकाळी आकडा लिहिण्याची गरज नाही. मीटर वाचणारा येतो त्या दिवसाची तारीख आणि वाचन लिहा, मग दहाव्या आणि विसाव्या दिवशी. विसाव्या दिवशी 130 च्या आत असाल तर त्या महिन्याची काळजी सोडून द्या. 140 च्या वर असाल तर उरलेले दहा दिवस पाणी गॅसवर आणि इस्त्री परटाकडे. आणि 150 झाले असतील, बाळाला सर्दी झाली असेल, बाहेर मुसळधार असेल, तर त्या महिन्यात सतराशे भरायचे आहेत असे मुलाला आधीच सांगून मोकळे व्हा. तेही एक उत्तर आहे. वर्षातून दोनदा असे झाले तरी पेट्रोलच्या रकान्यात पुष्कळ शिल्लक राहते.

तारखेचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. मीटर वाचणारा एखाद्या महिन्यात दोन-तीन दिवस उशिरा आला तर तेहतीस दिवसांचा वापर एका बिलात मोजला जातो. तुमच्या वहीत 214 ची नोंद आहे, पण ती किती दिवसांची आहे हे लिहिलेले नाही. तेहतीस दिवसांचे 214 म्हणजे तीस दिवसांचे 195 होतात. जुलैचे आणि त्याच्या आधीचे बिल काढून दोन वाचनांमधले दिवस मोजा. ते तीसपेक्षा बरेच जास्त भरले तर दोन्ही बिले, आर.आर. नंबर (बिलावरचा जोडणी क्रमांक) आणि तुमची वही घेऊन शाखा कार्यालयात जा आणि योजनेचे युनिट दिवसांच्या प्रमाणात धरले आहेत का, ते विचारा. 1912 या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते, पण असा आकड्यांचा प्रश्न समोर बसून, कागद दाखवून लवकर सुटतो. कन्नड बोलण्याची अडचण वाटत असेल तर सुनेला सोबत न्या. तिचे माहेर गोकाककडचे आहे असे तुम्ही लिहिले आहे, आणि त्या टेबलासमोर ती तुमच्यापेक्षा चांगले बोलेल.

पहिला नवा पंखा मधल्या खोलीत बसवा, दुपटी वाळतात तिथे. आणि काढलेला जुना पंखा ‘चांगला आहे की अजून’ म्हणून सोप्यात लावू नका. तो बंबाच्या रिकाम्या जागी माळ्यावर टाका.